विद्यापीठ कुणाच्या दारात?



कोल्हापूरच्या बिंदू चौकात दोन पुतळे शेजारी-शेजारी आहेत. एक जोतीराव फुल्यांचा, एक बाबासाहेबांचा. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० ला ते बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. चौदा एप्रिलला आपण तिथं हार घालतो, घोषणा देतो, डॉल्बीच्या मागं नाचतो आणि घरी येऊन झोपतो. पण या दोन माणसांनी विद्यापीठ नावाच्या गोष्टीबद्दल सरकारला तोंडावर काय सुनावलं होतं, ते आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय?

वरवर बघितलं तर दोघं उलट बोललेत. एक म्हणाला, वरच्या शिक्षणावर उधळताय तो पैसा खाली आणा. दुसरा म्हणाला, सगळ्यात वरचं शिक्षण आमच्या दारात आणा. मग आपण कुणाचं ऐकायचं? की दोघांना हार घालून मोकळं व्हायचं?

मी सूतगिरणीत रिंग खात्यावर काम करतो. माझ्याकडं पदवी नाही. रात्रपाळी संपली की वाचनालयात बसून जे वाचलं, त्याच्यावर हे लिहितोय. पदवी नसलेल्यानं विद्यापीठावर लिहावं का, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं असं की मी काडेपेटी घेतो, साबण घेतो, गाडीत पेट्रोल घालतो, त्या प्रत्येकात कर भरतो. सरकारी विद्यापीठ त्या पैशावर चालतं. म्हंजे माझ्याबी पैशावर चालतं. मग ते कशासाठी चालतं हे विचारायचा हक्क माझाबी आहे.

साहेबाची चाळणी

सुरुवात साहेबापासून करू. १८५४ ला लंडनहून खलिता आला आणि १८५७ ला मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी तीन विद्यापीठं उभी राहिली. नमुना लंडन विद्यापीठाचा. या विद्यापीठानं स्वतः शिकवायचं नव्हतं. शिकवणार कॉलेजं, विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि कागद देणार. म्हंजे विद्यापीठ ही एक चाळणी. वरून पोरं ओतायची, हलवायची, जी वर उरतील ती सरकारच्या कचेरीत. १८६२ ला मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यात महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मोठी माणसं, त्यांची विद्वत्ता मी नाकारत नाही. पण चाळणीची भोकं कुणाच्या मापाची होती ते बघा.

साहेबाचा त्याच्यामागं एक सिद्धांत होता. वरच्या वर्गाला शिकवा, मग ज्ञान आपोआप खाली पाझरत जाईल. आता माठातलं पाणी पाझरतं हे खरं. पण या माठाला जातीचा चिनीमातीचा लेप होता. शंभर वर्षं ठेवला असता तरी खाली थेंब पडला नसता. ज्याच्याकडं हजारो वर्षं विद्या होती त्यानं ती खाली सांडू दिली नव्हती, तो इंग्रजी शिकल्यावर का सांडू देईल?

त्याच काळात युरोपात विद्यापीठ कशासाठी यावर मोठमोठी माणसं भांडत होती. बर्लिनला १८१० साली हुम्बोल्टच्या विचारानं विद्यापीठ निघालं. त्याचं म्हणणं, शिकवणं आणि शोध घेणं एका छताखाली पाहिजे, मास्तरानंही शोधलं पाहिजे आणि पोरानंही. डब्लिनला १८५२ पासून न्यूमन नावाचा पाद्री व्याख्यानं देत होता. त्याचं म्हणणं, ज्ञान हेच ज्ञानाचं फळ, त्याच्याकडून दुसरा फायदा मागू नका. पोट भरलेल्या माणसाला असं बोलणं सोपं आहे. तरी त्या बोलण्यात काहीतरी खरं आहे, त्याच्याकडं मी पुढं येतो. इंग्रजानं मात्र आपल्याकडं यातलं काही आणलं नाही. त्यानं आपल्याला परीक्षेचा कारखाना दिला.

जोतीरावांची साक्ष

१८८२ ला हंटर कमिशन आलं. पुण्यातून जोतीरावांनी त्याच्यापुढं लेखी निवेदन दिलं. १८४८ पासून मुलींच्या, मग महार-मांगांच्या शाळा चालवलेला माणूस. अनुभवानं बोलत होता. त्यांचा हिशोब सरळ होता. सरकारचा महसूल येतो कुठून? शेतात राबणाऱ्याच्या घामातून. खर्च होतो कुणावर? वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर. तो शिकलेला वर्ग खालच्याला काय देतो? काही नाही. म्हणून त्यांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, आणि शिक्षक शेतकऱ्यांच्या जातींतून तयार करा.

एवढं आपल्याला भाषणातून ठाऊक असतं. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठ तेव्हा प्रवेश परीक्षेला बाहेरून बसू देत होतं. जोतीरावांनी म्हटलं, ही सवलत वरच्या परीक्षांनाही द्या. घरी अभ्यास करून कुणाला बी.ए., एम.ए. व्हायचं असेल तर होऊ द्या. म्हंजे जोतीराव विद्यापीठाच्या विरोधात नव्हते. विद्यापीठाच्या भिंतीच्या विरोधात होते. कॉलेजात दिवसभर बसायला ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी त्यांनी दार मागितलं होतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ ला निघालं. मागणी आणि दार यांच्यात एकशे सात वर्षं गेली.

महाराजांचा हिशोब

आता आपल्या कोल्हापुरात या. राजाराम कॉलेज इथं १८८० पासून आहे. २ एप्रिल १८९४ ला शाहू महाराजांनी कारभार हातात घेतला तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण कारभारात ७१ जागा होत्या आणि त्यातल्या ६० ब्राह्मणांकडं होत्या. कॉलेज गावात होतं, तरी ही अवस्था. नुसतं कॉलेज असून भागत नाही हे महाराजांनी ओळखलं. बाहेरगावच्या पोरानं राहायचं कुठं, खायचं काय? सगळ्या जातींसाठी म्हणून वसतिगृह काढलं तर ते एकाच जातीचं होऊन बसलं. मग १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढं लिंगायतांचं, मुसलमानांचं. १९०८ ला अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघालं. महाराजांनी शिक्षणाची सुरुवात भाकरीपासून केली.

२६ जुलै १९०२ चा हुकूम आपण आरक्षणाचा म्हणून सांगतो. रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या निम्म्या मागासलेल्यांना. बरोबर. पण तो हुकूम नीट वाचला तर त्याच्यात शिक्षणाचं एक तत्त्वज्ञान आहे. महाराज विचारतात की सगळ्या वर्गांना शिकवायचा प्रयत्न केला तरी यश का आलं नाही? आणि उत्तर देतात की वरच्या शिक्षणाची फळं सगळीकडं वाटली जात नाहीत म्हणून. विचार करा. बाप आपल्या पोराला शाळेत का घालेल? शिकून तो कुठं बसणार हे दिसलं तर घालेल. खुर्ची आधीच अडवलेली असेल तर पाटी-पुस्तक घेऊन करायचं काय? शिक्षण आणि सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे या राजानं विसाव्या शतकाच्या दुसऱ्याच वर्षी लिहून ठेवलं.

मग १९१७ ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. जोतीरावांची पस्तीस वर्षांपूर्वीची मागणी कोल्हापुरात अंमलात आली. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. आणि मार्च १९२० ला माणगावात महाराजांनी एका एम.ए. झालेल्या माणसाला आपल्या लोकांसमोर उभं करून सांगितलं, हा तुमचा पुढारी.

बाबासाहेब काय शिकून आले

१९१३ ला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं जॉन ड्यूई शिकवत होते. ड्यूईचं म्हणणं थोडक्यात असं की लोकशाही म्हंजे नुसतं मतदान नव्हे, ती एकत्र जगायची रीत आहे, आणि ती रीत शाळेत शिकावी लागते. आणि शिकणं म्हंजे पाठ करणं नाही, प्रश्न घेऊन त्याचा तपास करणं.

९ मे १९१६. पंचवीस वर्षांचा भीमराव कोलंबियातल्या एका चर्चासत्रात निबंध वाचतो. विषय, भारतातल्या जाती, त्यांची घडण, उगम आणि वाढ. मला विद्यापीठाचा अर्थ इथं कळतो. ज्या गोष्टीनं त्याला लहानपणी वर्गाबाहेर तरटावर बसवलं, तीच गोष्ट त्यानं टेबलावर घेतली, उलटीपालटी केली आणि ती कशी बनते, कशी टिकते ते जगाला दाखवलं. तो तिथं रडला नाही. त्यानं पुरावा मांडला. आपण ज्याचा मार खातो त्याचा अभ्यास करता येतो, हे ज्या जागी कळतं ती जागा विद्यापीठ.

आणि लगेच दुसरी बाजू बघा. १९१७ ला तो बडोद्याला नोकरीवर आला. कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत. राहायला खोली मिळेना. एम.ए.चा कागद जातीपुढं चिंधी ठरला. तेव्हा पदवीनं जात जाते असं कुणी सांगत असेल तर त्याला बडोद्याची आठवण द्या.

१९२४-२५ ला मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती बसली, तिच्याकडं बाबासाहेबांनी लेखी म्हणणं दिलं. विद्यापीठातलं शिकवणं कसं असावं? पोराच्या डोक्यात माहिती कोंबणारं नसावं. त्याचं स्वतःचं डोकं जागं करणारं असावं. मूळ पुरावा तपासायची सवय लावणारं, आणि खरं शोधणं किती अवघड आहे, तरी किती मोलाचं आहे, हे अंगात भिनवणारं असावं. मघाशी त्या पाद्र्याच्या बोलण्यात काहीतरी खरं आहे म्हणालो ते हेच. बाबासाहेबांनी ज्ञानाची ती किंमत फेकून दिली नाही. ती आपल्यालाही पाहिजे म्हणाले.

मग १९२७. १२ मार्चला मुंबई कायदेमंडळात ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. हिशोब मांडला. प्राथमिक शाळेत शंभर पोरं जातात, चौथीपर्यंत अठरा पोचतात, ब्याऐंशी परत अडाणी होतात. सरकार दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त मिळवतं आणि शिक्षणावर माणशी चौदा आणे घालतं. निदान दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला. हे भाषण झालं आणि आठव्या दिवशी, २० मार्चला, त्याच माणसानं महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत. तळं सार्वजनिक, शाळा सार्वजनिक. दोन्हीत आमचा हिस्सा.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर ते बोलले. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या आणि पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठाला असण्याचा हक्कच नाही, असा त्यांचा मुद्दा. सगळ्यात वरचं शिक्षण गरजूच्या आणि गरिबाच्या दारात नेणं हे त्याचं मूळ काम. आणि विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मागासवर्गीयांची माणसं बसली पाहिजेत, ही मागणी.

विणकाम खातं

आता जोतीराव खरे की बाबासाहेब? मी गिरणीतल्या गोष्टीनं सांगतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत त्या काळी आपली माणसं हजारोंनी होती. पण विणकाम खात्यात त्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, धागा तुटला की थुंकी लावावी लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण विणकर तोंडात कसा घेईल? मग आपल्या माणसांनी सूतकताईत राबायचं. विणकामात पगार जास्त, म्हणून ते खातं बंद. आणि हे बंद करणारे मालक नव्हते, आपल्याच बरोबरीचे कामगार होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उघड मांडला.

समाजाच्या गिरणीतलं विणकाम खातं म्हंजे विद्यापीठ. प्राथमिक शाळा हे कताई खातं. तिथं सूत निघतं, आणि सूत नसेल तर कापड नाही. म्हणून जोतीराव म्हणाले, आधी सूत काढा, सगळ्या घरांत काढा. ते बरोबरच. पण सूत काढणाऱ्यानं जन्मभर सूतच काढायचं, आणि कापडाचा पोत, रंग, नक्षी दुसऱ्यानं ठरवायची, हे बाबासाहेबांना मान्य नव्हतं. कायदा तिथं लिहिला जातो. इतिहास तिथं लिहिला जातो. कोण माणूस आणि कोण नाही, याच्या व्याख्या तिथं ठरतात. ती जागा दुसऱ्याकडं ठेवून नुसती अक्षरओळख घेतली, तर आपण काय वाचायचं हे दुसराच ठरवणार.

तेव्हा दोघांचं भांडण नाही. दोघांचा शत्रू एकच, तो पाझराचा सिद्धांत. जोतीरावांनी तो खालून फोडला, बाबासाहेबांनी वरून.

दार उघडलं, मग?

बाबासाहेबांनी नुसती भाषणं केली नाहीत. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादेत आज ज्याला आपण मिलिंद म्हणतो ते कॉलेज. सिद्धार्थमध्ये नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग होते. बुद्ध आणि मिलिंद ही नावंच बघा. मिलिंद राजानं प्रश्न विचारले होते, म्हणून तो लक्षात राहिला.

इकडं आपल्या जिल्ह्यातल्या कुंभोजचे भाऊराव पाटील १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढून बसले होते. साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात, एका पंक्तीत आणली. १९४७ ला तिथं कॉलेज काढलं, कमवा आणि शिका या तत्त्वावर. डोकं आणि हात यांची फारकत हीच तर वर्णव्यवस्था. खोरं हातात घेऊन बी.ए. होणारं पोरगं तिच्यावर घाव घालत होतं.

१८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ आलं. उद्घाटनाला राष्ट्रपती राधाकृष्णन. पहिले कुलगुरू इतिहासकार आप्पासाहेब पवार. सुरुवातीला ३४ कॉलेजं. त्याच्याआधी या भागातल्या पोराला पदवीसाठी पुणे-मुंबईकडं बघावं लागे. विद्यापीठ माळावर आलं आणि वाड्या-वस्तीतली पहिली पिढी एस.टी.नं तिथं पोचली. हे कमी नाही. मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण दार उघडल्यावर आत कोण आलेलं चालतं, हे मराठवाड्यानं दाखवलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. आणि वस्त्या पेटल्या. माणसं मारली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. बाबासाहेबांनी मराठवाड्यात कॉलेज काढलं ते चाललं. पदवीच्या कागदावर त्यांचं नाव चालेना.

मग दुसरं दार बंद व्हायला लागलं, ते पैशाचं. १९८३ ला महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली. आज प्राध्यापक तासावर आहेत, जसे आमच्यात रोजंदारीवर असतात. शिष्यवृत्ती यायच्या आधी फीची नोटीस येते. विद्यापीठ कशासाठी, याचं आजचं उत्तर म्हंजे पॅकेज. साहेबाला कारकून पाहिजे होता, कंपनीला त्याचंच नवं मॉडेल पाहिजे.

आणि जे आत पोचले त्यांचं काय? १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करणारा रोहित वेमुला गेला. शिष्यवृत्ती थांबलेली, होस्टेलबाहेर काढलेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉक्टरकीचं वरचं शिक्षण घेणारी पायल तडवी गेली. १९१७ ची फेकलेली फाईल अजून हवेतच आहे.

आपलं काय

मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेब व्यथित होऊन बोलले होते. शिकलेल्या माणसांनी आपल्याला दगा दिला, ती आपलं पोट भरण्यात गुंतली, अशी त्यांची तक्रार होती. हे वाक्य आपण सभेत दुसऱ्याला उद्देशून म्हणतो. आता स्वतःला उद्देशून म्हणू.

तेव्हा कामाचं बोलतो. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर माणसं निवडून देतात. ज्या सिनेटमध्ये जागा मिळावी म्हणून बाबासाहेब १९२७ ला भांडले, त्या निवडणुकीत आपल्या वस्तीतल्या किती पदवीधरांनी नाव नोंदवलंय? मोजा. नसेल तर फॉर्म भरून घ्या. प्रत्येक गल्लीत शिष्यवृत्तीची वही ठेवा. कुणाची आली, कुणाची अडकली, किती महिने, लिहून काढा. ती वही घेऊन समाजकल्याणच्या दारात जा. पुराव्यानं बोला, बाबासाहेब कायदेमंडळात आकडे घेऊन बोलले होते.

जे एम.ए., पीएच.डी. करताय त्यांना एक मागणं. तुमच्या आजीनं कुणाच्या शेतात काय मजुरी घेतली, मिस क्लार्क होस्टेलात कोण राहिलं, शाहू मिल २००३ ला बंद पडली तेव्हा तिथले कामगार कुठं गेले, हे विषय घ्या. म्हातारी माणसं चाललीत. गाईडनं नाक मुरडलं तरी घ्या. १९१६ ला कोलंबियात वाचलेला निबंध हाच त्याचा दाखला आहे.

आणि आमच्यासारख्या बाहेर राहिलेल्यांना तुमच्या पुस्तकांचा हिस्सा द्या. महिन्यातून एक रविवार वस्तीत या, जे शिकला ते आम्हाला समजेल असं सांगा. आम्ही प्रश्न विचारू. अवघड विचारू. तुमच्या विद्यापीठाची तेवढी परीक्षा आम्हाला घेऊ द्या.

जय भीम.